‘पुढे काय?’ : स्वादुपिंडाच्या एका दुखण्याचा इतिहास



इतिहासाच्या व्याख्यानमालेत पोटाच्या दुखण्याचा विषय कशाला, असं इथल्या काहींना वाटलं असेल. कारण सांगतो. पॅनक्रियाटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाचा दाह, हे निदान ज्या घरात होतं त्या घराचा प्रश्न एकच असतो, ‘पुढे काय?’ माणूस किती जगेल, दुखणं कधी थांबेल, मुलाचं शिक्षण पुरं होईल का, मुलीचं लग्न ठरेल का. या प्रश्नाचं पक्कं उत्तर डॉक्टरांच्या पुस्तकात छापलेलं असणार, असं आपण धरून चालतो. छापलेलं असतंच. पण ते दर पिढीला बदलत आलंय. आपल्याच देशात साठ वर्षांपूर्वी ज्या आजाराबद्दल भर तारुण्यात मृत्यू येतो असं लिहिलं गेलं, त्या आजाराचे रुग्ण आज उतारवयापर्यंत पोहोचतात.

हा बदल कसा झाला? कुणी एक जादूचं औषध शोधलं का? तर नाही. या आजाराला समूळ बरं करणारं औषध आजही नाही. मग काय बदललं, ते आज बघायचंय. एक सूत्र फक्त मनाशी ठेवा: आजाराचं भवितव्य सांगणारा प्रत्येक आकडा कुणाची तरी मोजदाद करून आलेला असतो. कुणाला मोजलं आणि किती दिवस मोजलं, हे विचारल्याशिवाय तो आकडा स्वतःला लावून घ्यायचा नाही.

मेल्यावर होणारं निदान

आधी अवयवाची ओळख करून घेऊ. स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर आडवं पसरलेलं असतं. लांबी साधारण पंधरा सेंटिमीटर, वजन शंभर ग्रॅमच्या आसपास. बाहेरून चाचपून सहसा हाताला लागत नाही. त्याची कामं दोन. अन्न पचवणारा रस तयार करून तो नळीवाटे लहान आतड्यात सोडायचा, आणि इन्सुलिनसारखी संप्रेरकं थेट रक्तात सोडायची. ही दोन्ही कामं बिघडली की माणूस खातो ते अंगी लागत नाही आणि रक्तातली साखर ताब्यात राहत नाही. या आजाराची बहुतेक कथा या दोन वाक्यांत आली.

ग्रीकांनी या अवयवाला जे नाव दिलं त्याचा अर्थ ‘सगळं मांसच’ असा होतो. त्यात हाड नाही, कूर्चा नाही, म्हणून. गेलनसारख्या मोठ्या वैद्याला वाटलं की ही मागच्या रक्तवाहिन्यांना आधार देणारी उशी आहे, आणि ते मत कित्येक शतकं टिकलं. आपल्याकडे माधवनिदानात शूलाचे प्रकार सांगितलेत, त्यात अन्न पचताना उठणारा परिणामशूल आहे. पण तिथं वर्गवारी वेदनेच्या वेळेवरून आणि लक्षणांवरून केलेली आहे, त्यामुळे आजचं नाव त्याला चिकटवणं बरोबर होणार नाही.

१६४२ साली इटलीतल्या पाडुआ शहरात योहान गेओर्ग विर्सुंग या जर्मन शरीरशास्त्रज्ञाला, फाशी गेलेल्या एका माणसाच्या शवात, स्वादुपिंडातून जाणारी नळी दिसली. त्यानं ती तांब्याच्या पत्र्यावर कोरून तिचे ठसे मोठमोठ्या शरीरशास्त्रज्ञांना पाठवले आणि ही नेमकी काय वस्तू आहे, असं विचारलं. पुढच्याच वर्षी त्याचा खून झाला. पण नळीला त्याचं नाव राहिलं. १६६४ साली नेदरलंड्सच्या रेनिए द ग्राफनं जिवंत कुत्र्याच्या या नळीत पिसाची पोकळ काडी बसवली, खाली बाटली बांधली आणि तो रस गोळा केला.

आता १७८८ साल. लंडनच्या एका वैद्यकीय नियतकालिकात थॉमस कॉली या डॉक्टरनं एक हकिगत छापली. रुग्ण ३४ वर्षांचा, अंगमेहनतीची सवय असलेला, खाण्यापिण्यात हात सैल. तो खंगत गेला, लघवीतून साखर जाऊ लागली, आणि वारला. शवविच्छेदनात त्याच्या स्वादुपिंडात खडेच खडे निघाले. आज वैद्यकाचा विद्यार्थीसुद्धा हे वाचून सांगेल की स्वादुपिंड खराब झालं म्हणून मधुमेह झाला. पण कॉलीला त्या दोन गोष्टींची सांगड घालता आली नाही, कारण स्वादुपिंडाचा साखरेशी संबंध आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. ते कळायला १८८९ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी स्ट्रासबुर्गला मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि कुत्र्याला मधुमेह झाला.

त्याच १८८९ साली बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झनं तीव्र पॅनक्रियाटायटिसचं सविस्तर वर्णन केलं. आपण ज्याला अपेंडिसायटिस म्हणतो, ते नाव रुजवणाराही हाच फिट्झ. आणि १८९६ साली प्रागच्या हान्स कियारीनं कारण मांडलं: हा अवयव स्वतःलाच पचवतो. बघा, मांस पचवणारा रस मांसाच्याच पिशवीत तयार होतो. तो तयार होतो तेव्हा निद्रिस्त असतो. आतड्यात पोहोचल्यावर तो जागा व्हावा, अशी निसर्गाची व्यवस्था आहे. पित्ताचा खडा वाटेत अडकला, दारूचा मारा झाला, किंवा जन्मजात काही दोष असला, तर तो आतच जागा होतो आणि घरच जाळायला लागतो. कियारीची ही कल्पना आजही मुळात बरोबर मानली जाते.

पण एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. विर्सुंगचा माणूस मेलेला, कॉलीचा रुग्ण मेलेला, फिट्झची बरीचशी माहिती शवविच्छेदनातली. ना एक्स-रे, ना रक्ताची तपासणी. म्हणजे या आजाराचं निदान व्हायचं ते बहुधा मेल्यावरच. मग ‘पुढे काय’ याचं उत्तर काय असणार? ज्यांचं दुखणं येऊन गेलं, जे जगले, त्यांची नोंद ‘पोटशूळ’ म्हणून झाली किंवा झालीच नाही. मोजले गेले ते फक्त मेलेले. या आजाराला जी भीती चिकटली, तिची सुरुवात इथं आहे.

एका खड्यातून निघालेलं औषध

यानंतरचा प्रसंग मला फार आवडतो. अमेरिकेत मोझेस बॅरन नावाचे विकृतिशास्त्रज्ञ होते. एका शवविच्छेदनात त्यांना स्वादुपिंडाच्या मुख्य नळीत अडकलेला खडा सापडला. खड्यामुळे पाचकरस करणाऱ्या पेशी वाळून गेल्या होत्या, पण साखर सांभाळणारी पेशींची बेटं बऱ्याच अंशी शाबूत होती. त्यांनी १९२० साली त्यावर लेख लिहिला. ३० ऑक्टोबर १९२०च्या रात्री कॅनडातल्या एका तरुण शल्यचिकित्सकानं तो वाचला. त्याच्या डोक्यात आलं की नळी बांधून टाकली तर पाचकरसाच्या पेशी मरतील आणि बेटांमधला अर्क शुद्ध मिळेल. त्या तरुणाचं नाव फ्रेडरिक बँटिंग. १९२१ला टोरोंटोत काम सुरू झालं, १९२२च्या जानेवारीत पहिल्या रुग्णाला इन्सुलिन टोचलं गेलं. नळी बांधण्याची युक्ती पुढे अनावश्यक ठरली, पण सुरुवात झाली ती तिच्यापासून.

म्हणजे जगभरच्या मधुमेहींना जीवदान देणाऱ्या औषधाच्या मुळाशी पॅनक्रियाटायटिसच्या एका रुग्णातला खडा आहे. आणि त्याच इन्सुलिननं पुढे या रुग्णांचंही आयुष्य वाढवलं.

दीर्घकालीन म्हणजे क्रॉनिक पॅनक्रियाटायटिसला वेगळा आजार म्हणून जागा मिळाली ती मात्र १९४६ साली. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या कम्फर्ट, गॅम्बिल आणि बॅगेनस्टॉस या तिघांनी २९ रुग्णांचा अभ्यास छापला. पुन्हा पुन्हा येणारे झटके, हळूहळू व्रणासारखं कठीण होत जाणारं स्वादुपिंड, खडे, मधुमेह, तेलकट शौच, हे सगळं एकाच आजाराचे टप्पे आहेत, हे त्यांनी दाखवलं. रुग्णांत दारू पिणारे बरेच होते. तिथून पाश्चात्त्य पुस्तकांत समीकरण पक्कं झालं: दीर्घकालीन पॅनक्रियाटायटिस म्हणजे दारू.

हे समीकरण आपल्याकडे आलं आणि त्यानं फार माणसं दुखावली. आजही निदान सांगितलं की शेजारी हळूच विचारतात, ‘पितो का हो?’ रुग्ण बारा वर्षांची मुलगी असली तरी बापाकडे संशयानं बघितलं जातं. दारू हे मोठं कारण आहेच, त्याबद्दल वाद नाही. पण एकमेव कारण नाही, हे ठामपणे सांगायला जे पुरावे पुढे आले, त्यांतला मोठा वाटा केरळचा आहे.

केरळची मुलं

१९५०च्या दशकाच्या शेवटी इंडोनेशियात झाउदेमा या डॉक्टरांनी कुपोषित, गरीब रुग्णांमध्ये स्वादुपिंडात खडे आणि मधुमेह असे दोन्ही पाहिले. साधारण त्याच काळात केरळात डॉ. पी. जे. गीवर्गीस हे दृश्य रोज बघत होते. किडकिडीत मुलं, लहानपणापासून पोटदुखी, पोटाच्या साध्या एक्स-रेमध्ये मणक्यांच्या दोन्ही बाजूंना पांढरे मोठे खडे. साखर इतकी वाढलेली की इन्सुलिनशिवाय भागत नाही, आणि तरी नेहमीच्या बालमधुमेहासारखे ते सहसा कीटोॲसिडोसिसमध्ये बेशुद्ध पडत नाहीत. आणि दारूचा थेंब कुणी चाखलेला नाही.

गीवर्गीस यांनी शेकडो रुग्णांची नोंद ठेवली. त्यांचा ‘पॅनक्रियाटिक डायबेटिस’ हा ग्रंथ १९६८ साली निघाला, आणि तो छापला आपल्या मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनानं. मराठी वाचक या प्रकाशनाला कविता-कादंबऱ्यांसाठी ओळखतो, पण केरळातल्या गरीब मुलांच्या या आजारावरचं जगातलं एक मूळ पुस्तकही त्यांच्याच नावावर आहे.

आजाराची वाटचाल गीवर्गीस यांनी तीन पायऱ्यांत सांगितली होती. बालपणी पोटदुखी, वयात येताना मधुमेह, भर तारुण्यात मृत्यू. ते त्या काळाचं खरं वर्णन होतं. पण ते कुणाचं वर्णन होतं? मोठ्या सरकारी रुग्णालयापर्यंत पोहोचलेल्या, आधीच खंगलेल्या, बहुतेक वेळा इन्सुलिन न परवडणाऱ्या मुलांचं. ज्याचं दुखणं सौम्य, तो रुग्णालयात येतच नव्हता. त्या तीन पायऱ्या मात्र पाठ्यपुस्तकांत गेल्या, विद्यार्थ्यांनी पाठ केल्या, आणि परिस्थिती बदलल्यावरही रुग्णांच्या आईवडिलांना तशाच ऐकवल्या गेल्या. हे झालं नसतं तर काही लग्नं मोडली नसती, काही शाळा सुटल्या नसत्या.

मग कारण काय? संशय गेला टॅपिओकावर, म्हणजे कसाव्यावर. केरळात त्याला कप्पा म्हणतात. त्रावणकोरच्या विशाखम तिरुनाळ महाराजांनी १८८०च्या दशकात या कंदाला उत्तेजन दिलं. १९४२ साली ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेला, तिकडून येणारा तांदूळ बंद झाला, आणि गरिबांच्या ताटात कप्पा हेच मुख्य अन्न झालं. या कंदात सायनाइड सोडणारी द्रव्यं असतात. १९७९ साली मॅकमिलन आणि गीवर्गीस यांनी मांडलं की प्रथिनं कमी आणि कप्पा जास्त असला की हे विष निष्प्रभ होत नाही आणि स्वादुपिंड बिघडतं.

आता तुमच्यातल्या काहींच्या मनात साबुदाण्याची खिचडी आली असणार. साबुदाणा त्याच कंदाचा, आणि आपल्याकडे येणारा बराचसा तमिळनाडूतल्या सेलमचा. काळजी करू नका. कंदातून स्टार्च काढताना तो पाण्यात वारंवार धुतला जातो आणि ती द्रव्यं बहुतांशी निघून जातात. शिवाय तो सिद्धान्तच पुढे टिकला नाही. जिथं कसावा कुणी खात नाही अशा भारताच्या इतर भागांतही हा आजार सापडला, आफ्रिकेत कसावा भरपूर खाणाऱ्या कित्येक प्रदेशांत तो तितकासा दिसला नाही, आणि उंदरांना महिनोन्‌महिने कसावा खाऊ घालूनही तो झाला नाही. कुपोषणाचंही तसंच. हडकुळेपणा हा पुष्कळदा आजाराचा परिणाम निघाला, कारण नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८५ साली या मधुमेहाला कुपोषणाच्या गटात घातलं होतं, १९९९ साली तो गटच काढून टाकला आणि हा मधुमेह स्वादुपिंडाच्या आजारांत ठेवला.

नवा धागा आला जनुकांकडून. १९९६ साली अमेरिकेत डेव्हिड व्हिटकॉम्ब यांच्या गटानं पिढ्यान्‌पिढ्या पॅनक्रियाटायटिस चालत आलेल्या घराण्यांत ट्रिप्सिनोजेनच्या जनुकातला दोष शोधला. ट्रिप्सिनोजेन म्हणजे तोच निद्रिस्त पाचकरस. मग कियारी शंभर वर्षांनी खरा ठरला म्हणायचं! २००० साली जर्मनीत स्पिंक-१ या जनुकाचा संबंध दिसला. हा जनुक आत चुकून जागा झालेला रस आवरणारा पहारेकरी तयार करतो. २००२ साली हैदराबादच्या संशोधकांनी दाखवलं की आपल्याकडच्या या रुग्णांत ट्रिप्सिनोजेनचा दोष नाही, हा पहारेकऱ्याचा दोष मात्र पुष्कळांत आहे. सगळ्यांत नाही. आणि तो दोष असलेली पुष्कळ माणसं ठणठणीत असतात. म्हणजे जनुक दार उघडं ठेवतो, आत कोण येतं ते इतर गोष्टींवर अवलंबून.

२००८ साली देशभरच्या १,०८६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दारू हे कारण सुमारे ३९ टक्क्यांत निघालं. सुमारे ६० टक्क्यांत ठरावीक कारण सापडलं नाही. आणि गीवर्गीस यांनी वर्णन केलेलं ते जुनं, भीषण चित्र चार टक्क्यांहूनही कमी रुग्णांत होतं. ‘पितो का?’ विचारणाऱ्या शेजाऱ्याला हा आकडा सांगायला हरकत नाही. दर दहांत सहांचं उत्तर ‘दारूमुळे नाही’ असं आहे.

आकडे कसे वाचायचे

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. आधी एक फरक स्पष्ट करतो. तीव्र पॅनक्रियाटायटिसचा एकच झटका आला, म्हणजे आजार जन्माचा चिकटला असं नाही. बहुसंख्य माणसं त्यातून पूर्ण बरी होतात. कारण पित्ताशयातला खडा असेल तर पित्ताशय काढून टाकतात आणि बहुधा विषय संपतो. पहिल्या झटक्यानंतर दीर्घकालीन आजाराकडे जाणारे साधारण दहात एक. झटके वारंवार आले की हे प्रमाण बरंच वाढतं, आणि त्यात दारू-तंबाखू चालू ठेवणारे पुढे असतात.

दीर्घकालीन आजाराचं काय? सर्वांत जास्त उद्धृत होणारा आकडा १९९४ साली लोवेनफेल्स यांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासातून आला: दहा वर्षांनी ७० टक्के रुग्ण हयात, वीस वर्षांनी ४५ टक्के. ऐकून छातीत धस्स होतं. पण आपलं सूत्र आठवा. कुणाला मोजलं? त्यात बहुसंख्य रुग्ण दारूचे होते, पुष्कळ जण धूम्रपान करणारे. पाहिलं तर मृत्यूंतले थोडेच थेट स्वादुपिंडामुळे झालेले, बाकीचे हृदय, यकृत, फुप्फुस, वेगवेगळे कर्करोग यांमुळे. दारू-सिगारेट चालू ठेवणं आणि वाढतं वय, हे निकाल बिघडवणारे घटक होते.

आता दुसरी मोजदाद बघा. १९९६ साली मद्रासच्या डॉ. व्ही. मोहन आणि सहकाऱ्यांनी स्वादुपिंडाचे खडे आणि मधुमेह असलेल्या ३७० रुग्णांचा दीर्घकाळ पाठपुरावा छापला. हे केरळच्या मुलांचेच भाऊबंद. पण यांना नियमित इन्सुलिन मिळत होतं, तपासण्या होत होत्या. बहुतेक जण निदानानंतर दशकानुदशकं जगले. आणि जे गेले, त्यांच्यात सर्वांत मोठं कारण कोणतं होतं? मधुमेहानं खराब झालेली मूत्रपिंडं. पूर्वी असं म्हणत की या मधुमेहात डोळे, मूत्रपिंडं बिघडत नाहीत. ते खरं नव्हतं. बिघाड व्हायला जितकी वर्षं लागतात, तितकी वर्षं पूर्वी रुग्ण जगतच नव्हते!

या एका गोष्टीत सगळा इतिहास आला असं मला वाटतं. औषध तेच, इन्सुलिन. ते सत्तर वर्षं उपलब्ध होतं. फरक पडला तो इन्सुलिन सतत मिळण्यानं आणि कुणीतरी रुग्णांची वही वर्षानुवर्षं ठेवण्यानं. वही ठेवली म्हणून कळलं की मारतंय कोण, आणि म्हणून कळलं की लक्ष कुठे द्यायचं.

वेदनेचंही असंच झालं. झुरिकच्या रुडोल्फ अमान यांनी १९८४ साली २४५ रुग्णांच्या पाठपुराव्यावरून सांगितलं की काही वर्षांनी स्वादुपिंड ‘जळून संपतं’ आणि वेदना आपोआप थांबते. ऐकायला दिलासा होता. मग डॉक्टर म्हणू लागले, थांबा, सहन करा. पण १९९३ साली जर्मनीतल्या लांकिश यांच्या ३३५ रुग्णांत दहा वर्षांनंतरही निम्म्याहून अधिक लोकांना वेदना होतीच. म्हणजे ‘थांबा’ हा सल्ला सगळ्यांसाठी नव्हता. रुंदावलेली नळी उघडून ती आतड्याला जोडण्याची शस्त्रक्रिया १९५०च्या दशकापासून होती. ती शेवटचा उपाय म्हणून मागे ठेवली जायची. २०२० साली नेदरलंड्समधल्या ८८ रुग्णांच्या तुलनात्मक अभ्यासात, आधी दुर्बिणीनं उपचार करत राहण्यापेक्षा योग्य रुग्णावर लवकर शस्त्रक्रिया केल्यास पुढच्या दीड वर्षात वेदना कमी राहिली. दुसरीकडे, ध्वनिलहरींनी खडा फोडून दुर्बिणीनं तुकडे काढण्याचं तंत्र १९८०च्या दशकाच्या अखेरीस आलं आणि आज हैदराबादसारखी भारतीय केंद्रं त्यात जगात पुढे आहेत. कुणाला काय लागू पडेल ते ज्याच्या त्याच्या स्कॅनवर ठरतं. पण वेदना मुकाट्यानं सोसणं हा उपचार नाही, एवढं इतिहासानं शिकवलंय.

रोजचं जगणं

शेवटी, या सगळ्यातून आजच्या रुग्णाच्या पदरात काय पडतं ते सांगतो. मी इतिहास सांगतोय, औषध लिहून देत नाहीये. गोळ्या तुमच्या डॉक्टरांच्याच.

पहिलं, तंबाखू आणि दारू. दारू तर बंदच. पण तंबाखूकडे आपण कानाडोळा करतो. सिगारेट-बिडीमुळे हा आजार वेगानं वाढतो, हे आता स्पष्ट झालंय. कारण दारू नसलेल्यांनाही हे लागू आहे.

दुसरं, पाचकद्रव्यांच्या कॅप्सूल. शौच तेलकट, दुर्गंधी, भांड्याला चिकटणारं होत असेल, वजन उतरत असेल, तर अन्न पचत नाहीये. या कॅप्सूल जेवणाच्या घासाबरोबर घ्यायच्या, रिकाम्या पोटी नाही. नाश्त्यालाही. त्या बहुतेक डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात. काहींना ते धर्मानं किंवा आहारानं अडचणीचं वाटतं. मनात ठेवून गुपचूप बंद करण्यापेक्षा डॉक्टरांशी उघड बोलावं. पूर्वी तूप-तेल पूर्ण तोडायला सांगत. त्यानं माणूस आणखी वाळायचा. आज सल्ला असा की थोडं थोडं, वारंवार, प्रथिनयुक्त खावं, आणि कॅप्सूल बरोबर असेल तर स्निग्धाची अवाजवी भीती नको.

तिसरं, साखर. या मधुमेहात इन्सुलिनबरोबर साखर वर आणणारं ग्लुकॅगॉनही कमी पडतं. म्हणून साखर एकदम खाली जाण्याचा धोका जास्त. इन्सुलिन घेऊन जेवण चुकवणं महागात पडतं. खिशात साखर किंवा ग्लुकोज असावंच. डोळे, मूत्रपिंडं, पाय यांची तपासणी दरवर्षी. आणि हाडंही, कारण स्निग्धात विरघळणारं ड जीवनसत्त्व नीट शोषलं जात नाही.

चौथं, कर्करोग. लपवून उपयोग नाही. लोवेनफेल्स यांच्याच १९९३च्या अभ्यासात २,०१५ रुग्णांत स्वादुपिंडाच्या कर्करोगाचं प्रमाण दहा वर्षांत सुमारे दोन टक्के, वीस वर्षांत चार टक्के निघालं. दक्षिण भारतातल्या खड्यांच्या रुग्णांत धोका याहून जास्त दिसलाय. म्हणजे वीस वर्षांत शंभरांतल्या बहुसंख्यांना तो होत नाही, पण वेदनेची जातच बदलली, वजन विनाकारण घसरलं, कावीळ झाली, तर ‘नेहमीचंच आहे’ म्हणून घरी बसायचं नाही.

आणि पाचवं, तुमची फाईल. हसू नका. निदान कधी झालं, झटके कधी आले, वजन किती होतं, साखरेचे आकडे, स्कॅनचे रिपोर्ट हे सगळं तारखेनुसार एका जागी ठेवा. डॉक्टर बदलतात, गाव बदलतं, कागद हरवतात. गीवर्गीस यांनी नोंदी ठेवल्या म्हणून ती मुलं जगाला दिसली. मद्रासच्या नोंदींनी भर तारुण्यातल्या मृत्यूचं वाक्य जुनं झाल्याचं सिद्ध केलं. पुढच्या पिढीला ‘पुढे काय’ याचं जे उत्तर मिळेल, ते आज जगणाऱ्या रुग्णांच्या कागदांतूनच निघणार आहे.

 आता प्रश्न विचारा.